दोन खुर्च्या, एक खिडकी

खुर्च्या समोरासमोर मांडत नाही मी.
दोन्ही खिडकीकडे तोंड करून,
मधे एवढं अंतर, की कुणाला उठून जायचंच असेल
तर माझ्या गुडघ्यांना वळसा घालावा लागू नये.

खिडकीत खाडी आहे. पलीकडे डोंगर.
नोव्हेंबर सरताना सूर्य त्याच्या पाठीमागे जातो
आणि जानेवारी संपत येईतो
इसाफ्योर्दुरला त्याचा नुसता अंदाज येतो,
दुपारी बाराला, निळसर.
त्या दिवसांत माझी वही भरलेली असते.

खाली पूर्वी मासे खारवत. आता सायकलींचं दुकान.
तरी दमट दिवशी फळ्यांतून जुना वास वर येतो
आणि येणाऱ्यांतले निम्मे त्या वासापासूनच सुरुवात करतात.
म्हणून मी सुगंधी मेणबत्ती लावत नाही.

थोर्गिल्स आला तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता.
जाळी दुरुस्त करणारा. मुलीनं गाडीत घालून आणलेला.
तीन आठवडे तो डोंगराकडे बघत बसला,
मीही मौन मोडलं नाही.
मौन हे आमचं हत्यार, असं शिकवलं होतं मला.
खरं सांगायचं तर काही सुचतच नव्हतं.

चौथ्या आठवड्यात मी हुशारी केली.
म्हणाले, दुःख म्हणजे जाळ्यातली गाठ,
ओढली की आवळते,
आपण ती हलक्या हातानं सैल करू.
तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला.
"स्टेनव्होर, गाठ आम्ही कापतो. सुरीनं.
पहाटे बोट सुटायची असते.
कापायची, नवं सूत घालून भोक विणून काढायचं.
सगळा धंदाच भोकांचा आहे."
हसला, आणि हसता हसता
भावाचं नाव निसटलं तोंडून. ऐनार.
"हे नाव मोठ्यानं शेवटचं घेतलं," म्हणाला,
"तेव्हा माझे सगळे दात शाबूत होते."

तेव्हापासून उपमा मी देत नाही.
ज्याची त्यानं आणायची, घरून, डब्यासारखी.
मी लहानसंच काही विचारते:
त्या सकाळी मोजे कोणते होते, किटलीत पाणी किती होतं.
कुणी "ठीक आहे" म्हणालं
तर ठीकची खोली विचारते: घोट्यापर्यंत, की कमरेपर्यंत?
"मला समजतं" हे शब्द ओठांशी आले
की पाण्याचा घोट घेते.
दिवसातून सहादा भरावा लागतो माझा ग्लास.

गाव लहान. सकाळी तासभर रडलेली बाई
संध्याकाळी पोहण्याच्या तलावावर, गरम पाण्याच्या कुंडात
माझ्यासमोर गळ्यापर्यंत बुडून बसलेली असते.
ओळख आधी तिनं दाखवायची.
नाही दाखवली, तर मी वाफेकडे बघते.

चुकतेही.
स्वान्हिल्दुर बोलत असताना मी घड्याळ पाहिलं,
पापणी लवते तेवढंच.
तिनं ते टिपलं,
वाक्य तिथंच दुमडून पिशवीत ठेवलं.
पुढच्या आठवड्यात मी आधी बोलले:
"मी घड्याळ पाहिलं होतं. आईला दवाखान्यातून आणायचं होतं.
तो वेळ तुझा होता."
ती बराच वेळ पिशवीच्या पट्ट्याशी खेळत राहिली.
मग दुमडलेलं वाक्य बाहेर काढलं.
माझ्या अंदाजाहून फारच साधं निघालं ते.
इथं सांगणार नाही.

पंचवीस जानेवारीला ऊन येतं, ढग नसले तर.
घरोघरी कॉफी,
साखर भुरभुरलेले, धिरड्यासारखे पातळ पॅनकेक.
थोर्गिल्सचा तास नेमका त्या दिवशी पडला.
फडक्यात चार बांधून आणले होते त्यानं.
भेट घ्यायची नाही, हा माझा नियम; वाक्य जुळवत होते.
"तीन माझे," तो म्हणाला, "एक ऐनारचा."
नियम मोडायची वेळच आली नाही.

ऊन आलं. चार मिनिटं,
त्याच्या डाव्या बुटावर.
त्यानं पाय हलवला नाही.
मी काही बोलले नाही.
या खेपेला सुचत होतं, तरी.